प्रसाधन-कपाट, स्नानगृहातील

हात-तोंड धुण्याचे पात्र (बेसिन) ज्यावर बसविलेले असते आणि नळजोड, सांडपाण्याची नळी व प्रसाधनाचे साहित्य ज्याच्या पोटात झाकले जाते, असे स्नानगृहातील कपाट. बाजारात ते ‘व्हॅनिटी’ या इंग्रजी नावाने ओळखले जाते. असे कपाट तयार विकत मिळते, तसेच जागेच्या मापाप्रमाणे सुताराकडून बनवूनही घेतात. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे मापाबरहुकूम केलेल्या लाकडी कपाटाचा आणि त्यातही जे स्नानगृह घरातील दोन किंवा अधिक व्यक्ती रोज वापरतात तेथील कपाटाचा विचार केला आहे. घरातील इतर कोणत्याही लाकडी वस्तूला एवढ्या प्रतिकूल जागी राहावे लागत नाही. स्वयंपाकघरातील कपाटाला वाफ व तेल सोसावे लागते, दाराला ऊन-पाऊस सोसावा लागतो. प्रसाधन-कपाटाला मात्र वरून शिंतोडे, खालून ओली फरशी, आतून गळकी नळी आणि बाहेरून ऋतुमानाप्रमाणे बदलणारी हवा या चारही बाजूंनी तोंड द्यावे लागते. म्हणून त्याची आखणी ही दिसण्यापेक्षा टिकण्याची बाब अधिक आहे.

नागपूर शहराच्या आग्नेय भागातील सक्करदरा ही वस्ती या विषयाचे उदाहरण म्हणून घेण्यास सोयीची आहे. मध्य भारतातील सागवानाच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक बाजारपेठ तिच्यापासून जवळ आहे. येथील उन्हाळा अतिशय कोरडा व पावसाळा अतिशय दमट असतो. आणि जुनी मागील दारची न्हाणी ते अलीकडील सदनिकेतील शयनगृहाला जोडलेले स्नानगृह हे सर्व टप्पे या एकाच वस्तीत पाहावयास मिळतात. भोसले घराण्याचा वाडा व तलाव यांमुळे सक्करदऱ्याचे नाव परिचित झाले. बुधवारचा बाजार, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय, उमरेडकडे जाणारा रस्ता आणि अलीकडचा उड्डाणपूल यांनी ही पूर्वीची गावाबाहेरची जागा आता दाट वस्तीची झाली आहे.

इतिहास : महाराष्ट्रातील जुन्या घरांत स्नानगृहात कपाट नसे, कारण त्याची गरज नव्हती. न्हाणीत पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब, घंगाळ, बसण्याचा पाट आणि भिंतीतील कोनाडा एवढीच सामग्री असे. शिकेकाई, उटणे, दंतमंजन कोनाड्यात राही. धोतर-लुगडे खुंटीवर किंवा वलनीवर (दांडीवर) टाकीत. तोंड धुण्याची क्रिया न्हाणीत न होता मागील अंगणात किंवा मोरीपाशी होई. भिंतीतील कोनाडा हा दगड-विटांचा असल्याने पाण्याचा त्याला उपसर्ग होत नसे, ही गोष्ट आजच्या आखणीतही लक्षात घेण्याजोगी आहे. नागपुरात लाकडी कामाची परंपरा नव्हती असे मात्र नाही. भोसल्यांचा काळ्या दगडाचा मोठा वाडा लाकडी कोरीव कामाबद्दल प्रसिद्ध होता. १८६४ मध्ये तो आगीत नष्ट झाला. महाल भागातील जुन्या वाड्यांचे खांब, हस्त व सज्जे यांवरून त्या कारागिरीची कल्पना येते. परंतु हे सर्व लाकूडकाम कोरड्या जागेतले होते.

स्नानगृहात लाकडी सामान प्रथम आले ते इंग्रजांच्या बंगल्यांतून. १८२१ मध्ये कामठी येथे लष्करी छावणी वसली आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. या बंगल्यांत शयनगृहाला लागून ‘गुसलखाना’ असे. तेथे भिस्ती पाणी आणून भरी व एका लाकडी घडवंचीवर चिनी मातीचे पात्र आणि सुरई ठेवलेली असे. या घडवंचीला नळही नव्हता व सांडपाण्याची नळीही नव्हती. वापरलेले पाणी उचलून ओतावे लागे. नळाचे पाणी घरात आल्यावर पात्र भिंतीला कायमचे जोडले गेले, घडवंचीची जागा लोखंडी कंसांनी किंवा चिनी मातीच्या खांबाने घेतली आणि लाकूड काही काळ स्नानगृहातून हद्दपार झाले. दगडी फळीखाली बंद कपाट बसविण्याची रीत आपल्याकडे मुख्यतः विसाव्या शतकाच्या अखेरीस, ग्रॅनाइटच्या पॉलिश केलेल्या पाट्या सर्वत्र मिळू लागल्यावर रूढ झाली. अर्थात तोवर स्नानगृहात दंतमंजनाची एक डबी नव्हे, तर दाढीचे सामान, केस रंगविण्याची द्रव्ये, अनेक प्रकारचे साबण, औषधे, विजेवर चालणारी उपकरणे असा मोठा पसारा साठू लागला होता.

हवामान व लाकडाची हालचाल : सक्करदऱ्यातील कपाटे बिघडण्याचे मुख्य कारण पाण्याचे शिंतोडे हे नसून हवेतील आर्द्रतेचा वार्षिक चढउतार हे आहे, हे सामान्यतः लक्षात येत नाही. नागपूरला मे महिन्यात तापमान ४५° से.च्या वर जाते व दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही खाली येते; जुलै-ऑगस्टमध्ये तीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत समतोल साधीत असते. कोरड्या हवेत ते आतील ओल सोडून आकसते व दमट हवेत ओल शोषून फुगते. हा बदल सावकाश होत असल्याने लाकूड हवेच्या टोकापर्यंत पोहोचत नाही. तरीही येथील घरात ठेवलेल्या लाकडातील ओलीचे प्रमाण उन्हाळ्यात सु. ६ टक्के व पावसाळ्याच्या अखेरीस सु. १४ टक्के असा फरक धरून चालणे योग्य ठरते.

या फरकाचा अर्थ आकड्यांनी स्पष्ट होतो. ताजे ओले सागवान पूर्ण सुकविले असता ते तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. बुंध्याच्या त्रिज्येच्या दिशेने सु. २.५ टक्के व वार्षिक वलयांच्या स्पर्शदिशेने सु. ५.८ टक्के आकसते. ही आकसण्याची क्रिया ओल सु. ३० टक्क्यांखाली उतरल्यानंतर सुरू होते. म्हणजे ओलीच्या प्रत्येक टक्क्यामागे स्पर्शदिशेने सु. ०.१९ टक्के फरक पडतो. त्यामुळे ४५ सेंमी. रुंदीची सपाट चिरलेली अखंड फळी मे आणि सप्टेंबर यांच्या दरम्यान सु. ७ मिमी., म्हणजे सुताराच्या भाषेत दोन सुतांहून थोडी अधिक, रुंदावते. तीच फळी त्रिज्येच्या दिशेने चिरलेली असेल, तर फरक सु. ३ मिमी. एवढाच राहतो. सागवान हे कमी हालणारे लाकूड समजले जाते. इतर बहुतेक लाकडांत हा फरक याहून अधिक असतो. दाराला चहूबाजूंनी पक्के जखडून टाकले, तर ही वाढ कोठेतरी बाहेर पडतेच. एकतर दार चौकटीत अडकते, नाहीतर सांधा उघडतो, नाहीतर उन्हाळ्यात फळी मधोमध तडकते. उन्हाळ्यात तडकलेल्या फळीचा दोष ग्राहक सुताराला देतो व सुतार लाकडाला देतो. वास्तविक दोष आखणीचा असतो.

नागपूरच्या घरांत आणखी एक विशेष आढळतो. उन्हाळ्यात वाळ्याचे किंवा लाकडी भुशाचे पडदे लावलेले पाण्याचे कूलर जवळजवळ प्रत्येक घरात चालतात. कूलर शयनगृहाच्या खिडकीत असेल आणि हवा बाहेर पडण्याची वाट स्नानगृहाच्या झरोक्यातून असेल, तर ऐन मे महिन्यात ती दमट हवा कपाटावरून वाहत राहते व घराबाहेर लाकूड वाळत असताना घरातील कपाट मात्र फुगते. जूनच्या आरंभी दोन-चार दिवस कूलर बंद राहिला की ते एकदम आकसते. कूलर असलेल्या घरात म्हणून हालचालीसाठी सोडावयाची जागा थोडी सढळ ठेवावी लागते. वातानुकूलित शयनगृहाला जोडलेल्या स्नानगृहात याच्या उलट, लाकूड वर्षभर बरेच स्थिर राहते.

विविध उपयोगांसाठी लाकडात किती ओल चालते, याविषयी ‘भा. मा. २८७’ हे भारतीय मानक आहे व त्यात हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे विभाग पाडलेले आहेत. सक्करदऱ्यासारख्या ठिकाणी काम सुरू करताना लाकडातील ओल सु. १० टक्के असणे इष्ट असते, कारण वर्षभराच्या चढउताराचा तो मध्य होय. ओलमापक आता लहान उपकरणाच्या स्वरूपात मिळतो. तो नसल्यास लाकडाचा तुकडा वजन करून भट्टीत १००° से.च्या थोड्या वर, वजन स्थिर होईपर्यंत सुकवावा व घटलेले वजन सुक्या वजनाच्या टक्केवारीत मांडावे.

लाकडाची निवड : नागपूरच्या लकडगंज भागात, नावाप्रमाणेच, लाकडाच्या वखारी व आरागिरण्या आहेत. तेथे येणाऱ्या सागवानापैकी चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील, विशेषतः आलापल्लीच्या जंगलातील व बल्लारशाच्या आगारातून लिलावाने विकला जाणारा साग उत्तम मानतात. देशभर त्याला ‘सीपी टीक’ म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा साग हेच नाव अजून चालते. वनविकास महामंडळाचे (स्थापना १९७४) मुख्यालयही नागपुरातच आहे. २०२३ मध्ये उद्‌घाटन झालेल्या नवी दिल्लीच्या संसद भवनासाठी लागलेले सागवान नागपूरहून गेले आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी त्याच वर्षी बल्लारशाहून सागवान पाठविण्यात आले. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने भारतीय लाकडांचे बल, कठीणपणा, आकार टिकविण्याची शक्ती इ. गुण आकड्यांत मांडताना सागाचे मूल्य १०० धरले आहे व बाकीच्या लाकडांची तुलना त्याच्याशी केली आहे, यावरून त्याचे स्थान कळून येते [⟶ साग].

सागाच्या मध्यकाष्ठात एक प्रकारचे तैलद्रव्य असते. त्यामुळे बुरशी व वाळवी (विदर्भात उधई) त्याला सहसा लागत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंड इतर लाकडांच्या मानाने कमी गंजते. परंतु हा गुण मध्यकाष्ठाचाच आहे. बुंध्याच्या बाहेरील फिकट रसकाष्ठ टिकाऊ नसते. त्याला भुंगेरा लागतो व ओलीत ते लवकर कुजते. लागवडीतील कोवळ्या झाडांत रसकाष्ठाचे प्रमाण अधिक असते, म्हणून केवळ ‘साग आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाच्या निर्यातीवर बंदी घातल्यानंतर बाजारात आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील लागवडीचे सागवान पुष्कळ येऊ लागले. त्यात हा दोष विशेष पाहावा लागतो. कपाटाच्या खालच्या पट्ट्या व मागील बाजू यांत रसकाष्ठ दडवून वापरण्याची खोड सार्वत्रिक आहे आणि नेमकी तीच जागा सर्वांत ओली असते. तेलामुळे सागाला सरसही नीट धरत नाही, म्हणून सांधे रंधून लगेच, किंवा स्पिरिटसारख्या द्रावकाने पुसून मग चिकटवितात.

जुनी घरे पाडताना निघालेले सागवान हा या कामासाठी सर्वांत चांगला माल होय, असे म्हणण्यास हरकत नाही. पन्नास-साठ वर्षे छताखाली राहिलेली तुळई पूर्ण सुकलेली असते, ती घट्ट वलयांच्या मोठ्या झाडाची असते आणि नव्या लाकडापेक्षा स्वस्त पडते. खिळे काढण्याचे काम मात्र कष्टाचे असते व राहून गेलेला एखादा खिळा आरागिरणीच्या पात्याचे दात घालवितो, म्हणून गिरणीवाले असे लाकूड चिरण्यास नाखूष असतात.

सागाखेरीज विदर्भात मिळणारी आणखी काही लाकडे विचारात घेता येतात. शिवण वजनाने हलकी, कामास सोपी आणि हालचालीच्या बाबतीत अतिशय स्थिर असते. खणांच्या बाजू व दाराचे दिलहे यांसाठी ती फार चांगली. हळदू पिवळसर, बारीक पोताचा व गुळगुळीत असतो. आतील कप्प्यांना चालतो, परंतु थेट पाण्यात टिकत नाही. बिजा किंवा बिबला कठीण व टिकाऊ असूनही स्नानगृहात टाळावा, कारण ओला झाल्यावर त्यातील रंगद्रव्य उतरते आणि पांढऱ्या फरशीवर किंवा संगमरवरावर पिवळे डाग पडतात. याच लाकडाच्या पेल्यात पाणी ठेवून ते पिण्याची रीत आयुर्वेदात आहे, ती पाण्यात सहज उतरणाऱ्या या अर्कामुळेच. शिसव सुंदर पण महाग असते. ऐन फार तडकतो. आंबा स्वस्त असला तरी त्याला कीड लागते व या कामी तो निरुपयोगी होय.

अखंड लाकडाऐवजी थरांचे फलक वापरण्याची रीत आता अधिक आहे. त्यात ‘भा. मा. ७१०’ या मानकाचे सागरी प्लायवुड घेतले, तर ते योग्य ठरते. त्यातील फिनॉल-फॉर्माल्डिहाइड रेझिनाचा सरस उकळत्या पाण्यात ७२ तास टिकला पाहिजे अशी अट आहे. ‘भा. मा. ३०३’ या मानकातील केवळ ओलरोधक प्रतीचे प्लायवुड शयनगृहातील कपाटाला ठीक असले, तरी पात्राखाली दोन पावसाळ्यांत त्याचे थर सुटू लागतात. लाकडाच्या चुऱ्याचा दाबून केलेला फलक स्नानगृहात मुळीच वापरू नये. त्याच्या कडेतून एकदा पाणी शिरले की तो फुगतो व सुकल्यावर पुन्हा पूर्ववत होत नाही. तयार मिळणाऱ्या स्वस्त कपाटांपैकी पुष्कळशी याच फलकाची असून वर चकचकीत पत्रा चिकटविल्याने आतील माल ग्राहकाला कळत नाही. बिजागरीचा एक स्क्रू काढून भोकात पाहिल्यास तो कळतो.

दोघांसाठी आखणी : एकाच स्नानगृहाचा उपयोग पती-पत्नी करीत असतील, तर पहिला प्रश्न पात्र एक हवे की दोन, हा असतो. सकाळी कचेरीला एकाच वेळी निघणाऱ्यांना दोन पात्रे सोयीची वाटतात. दोन पात्रांच्या मध्यरेषांत निदान ७५ सेंमी., शक्य तर ९० सेंमी. अंतर नसेल, तर एकमेकांच्या कोपराचा धक्का लागतो, आणि बाजूच्या भिंतीपासून पात्राची मध्यरेषा निदान ४५ सेंमी. दूर असावी लागते. म्हणजे दोन पात्रांच्या कपाटाची लांबी १६५ ते १८० सेंमी. होते. सक्करदऱ्यातील सदनिकांतील स्नानगृहे सामान्यतः एवढी मोठी नसतात. १२० सेंमी. लांबीत दोन पात्रे कोंबण्यापेक्षा एकच पात्र एका बाजूला बसवून उरलेली फळी मोकळी ठेवणे अधिक उपयुक्त ठरते; कारण पात्रापाशी मनुष्य दोन-तीन मिनिटे असतो, पण दाढी, वेणीफणी, औषध घेणे या गोष्टींना आरसा व कोरडी फळी लागते, पाणी नव्हे.

एकत्र कुटुंबाच्या घरात याहूनही जुनी व चांगली तोड आढळते. तेथे तोंड धुण्याचे पात्र स्नानगृहात न ठेवता त्याच्या दाराबाहेर, बोळात किंवा जेवणघराच्या कडेला बसवितात. एक जण आत अंघोळ करीत असता दुसरा बाहेर तोंड धुऊ शकतो आणि कपाटाला ओल्या फरशीची बाधा होत नाही. बादली-तांब्याने अंघोळ करण्याची आपली पद्धत पाहता स्नानगृहाची फरशी सर्वत्र ओली होणे अटळ आहे. परदेशी पुस्तकांतील कपाटांची चित्रे कोरड्या फरशीच्या स्नानगृहांची असतात, हे विसरले की फसगत होते. पात्र आतच ठेवावयाचे असल्यास अंघोळीची जागा ५ ते ७ सेंमी. खोल घेऊन मध्ये काच किंवा अर्धी भिंत घालावी.

दुसरा प्रश्न उंचीचा. पात्राची कड कोपराच्या खाली १० ते १५ सेंमी. असली म्हणजे वाकावे लागत नाही व पाणी कोपरावरून ओघळतही नाही. सु. १५५ सेंमी. उंचीच्या व्यक्तीला ही कड ८० ते ८५ सेंमी.वर, तर १७५ सेंमी. उंचीच्या व्यक्तीला ९० सेंमी.च्या वर लागते. दोघांच्या उंचीत एवढे अंतर असणाऱ्या घरात मधली ८५ सेंमी. उंची घेण्याचा प्रघात आहे व ती दोघांनाही थोडी गैरसोयीची होते. दोन पात्रे असतील तर यातून सुटण्याचा एक सोपा मार्ग आहे. दगडी फळी एकाच पातळीत ठेवून ठेंगण्या व्यक्तीसाठी फळीच्या खालून जोडलेले आणि उंच व्यक्तीसाठी फळीच्या वर थोडे उचललेले पात्र बसविले, की दोन कडांत हवे तेवढे अंतर मिळते आणि कपाट मात्र एकसलग राहते. लहान मुलांसाठी खालच्या पोकळीत पाट सरकवून ठेवण्याची जागा करतात. वृद्धांसाठी कपाट बेतताना कडेला हाताने धरता येईल असा दांडा भिंतीत पक्का बसवावा. कपाटाच्या मुठीला धरून उठण्याचा प्रयत्न झाला, तर बिजागरी उखडते व मनुष्य पडतो.

चिनी मातीची पात्रे भारतीय मानकाप्रमाणे ६३ × ४५, ५५ × ४० आणि ४५ × ३० सेंमी. या मापांत मिळत आली आहेत. त्यांतील मधले माप धरल्यास कपाटाची खोली ५० ते ५५ सेंमी. ठेवावी लागते. समोर उभे राहण्यास ७५ सेंमी. मोकळी जागा हवी आणि तीत स्नानगृहाचे दार उघडताना येऊ नये. पात्र आधी विकत घेऊन मग कपाटाचे माप काढावे. हा क्रम उलटा झाल्याने पाणीकोंडा (ट्रॅप) बसविण्यासाठी नवेकोरे खण कापावे लागल्याची उदाहरणे वारंवार घडतात.

कपाटाच्या आतील वाटणी ही सामायिक वापरातील सर्वांत नाजूक बाब होय. पात्राखालच्या भागात नळी असल्याने तेथे दारे, व दोन पात्रांच्या मध्ये उभी खणांची रांग अशी रचना सोयीची ठरते. वरचा उथळ खण प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. वस्तरा, दातांचा ब्रश, सॅनिटरी पॅड, कवळी, केसांचा रंग या गोष्टी दुसऱ्याच्या नजरेस पडू नयेत, असे माणसास वाटते, आणि एकत्र कुटुंबात त्या ठेवण्यास जागा नसल्याने स्त्रियांची विशेष कुचंबणा होते. प्रत्येकी एक झाकलेला खण एवढ्याने ती पुष्कळ अंशी दूर होऊ शकते. टॉवेल, साबणाचा साठा इ. सर्वांचे सामान खालच्या खोल खणात ठेवतात.

दोन वस्तू मात्र या कपाटात ठेवू नयेत. औषधे उष्णता व ओल यांमुळे खराब होतात, त्यामुळे त्यांचे स्थान स्नानगृहाबाहेर. दुसरी वस्तू म्हणजे संडास धुण्याचे ॲसिड. ते मुलांच्या हाती लागण्याचा धोका तर आहेच; शिवाय त्यातील हायड्रोक्लोरिक अम्लाची वाफ सैल बुचातून सतत सुटत असते व बंद कपाटात साचते. तिने पोलादी बिजागऱ्या, खणांच्या सरकपट्ट्या आणि नळाची जोडनळी एका वर्षात गंजतात. जोडनळी फुटली तर घरात पाणी होते. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग घालविण्यासाठी हे ॲसिड पात्रावर व फळीवर ओतण्याची सवय अनेक घरांत आहे; त्याचे थेंब खाली लाकडावर पडून तेथला रोगण नाहीसा होतो. लिंबाच्या रसाने किंवा पातळ व्हिनेगरने तेच काम सावकाश पण निर्धोकपणे होते. मात्र फळी संगमरवराची असल्यास तीवर यांपैकी काहीच वापरू नये.

बांधणी : विदर्भात सुतारास वाढई असेही म्हणतात. जुन्या वाढयांना ठाऊक असलेली दिलहेदार दाराची पद्धतच या कपाटासाठी आजही सर्वोत्तम आहे. तीत ६ ते ७ सेंमी. रुंद पट्ट्यांची चौकट कुसू व खाच यांनी जोडतात आणि मधला दिलहा चौकटीच्या आतील खोबणीत सरस न लावता मोकळा बसवितात. चौकटीची पट्टी अरुंद असल्याने ती वर्षभरात जेमतेम १ मिमी. हालते, दिलहा हवा तेवढा हालला तरी खोबणीत दडून राहतो. ३० सेंमी. रुंदीच्या सागवानी दिलह्यात वार्षिक फरक ४ ते ५ मिमी. पडतो. काम मे महिन्यात चालू असेल, तर हा सर्व फरक पुढे फुगण्यासाठी खोबणीत मोकळा सोडला पाहिजे; काम सप्टेंबरात चालू असेल, तर दिलहा जवळजवळ पूर्ण बसता करावा, कारण यापुढे तो आकसणारच आहे. दिलह्याला रोगण खोबणीत बसविण्यापूर्वी लावावे. नंतर लावल्यास पहिल्या उन्हाळ्यात कडेला कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते. आता बरीच कामे राजस्थानातून आलेले कारागीर प्लायवुडमध्ये करतात. त्यांचा वेग व सफाई वाखाणण्याजोगी असते, परंतु त्यांच्या पद्धतीत लाकडाच्या हालचालीचा प्रश्न उद्‌भवत नसल्याने अखंड लाकूड दिले असता तेही प्लायवुडप्रमाणेच चिकटवून टाकण्याची चूक होऊ शकते.

कपाट फरशीवर टेकू देऊ नये. शक्य असल्यास ते भिंतीत पक्क्या केलेल्या लोखंडी कोनांवर टांगतात व खाली २० ते २५ सेंमी. मोकळे सोडतात, त्यामुळे फरशी पुसता येते आणि वाळवी आल्यास तिची मातीची वाट लगेच दिसते. भिंत अर्ध्या विटेची असेल तर दगडी फळीचा भार तिच्यावर न टाकता दोन्ही बाजूंस दगडी किंवा विटांचे पाय उभारून फळी त्यांवर ठेवावी आणि लाकडी कपाट त्या पोकळीत स्वतंत्रपणे सरकवावे. दुरुस्तीच्या वेळी पात्र व नळ न उखडता कपाट बाहेर काढता येते, हा या रचनेचा मोठा लाभ. फळी कपाटाच्या दारापुढे २ ते २.५ सेंमी. काढतात व तिच्या खालच्या बाजूस कडेलगत एक बारीक खोबण मारतात. ओघळणारे पाणी त्या खोबणीशी थबकून खाली टपकते, दारावर येत नाही. दगडकामगारास हे काम पाच मिनिटांचे असते, परंतु न सांगितल्यास तो ते करीत नाही. मागील फळी पूर्ण बंद न करता वर-खाली फटी ठेवल्या, तर कपाटात हवा खेळते आणि कोंदट वास येत नाही. बिजागऱ्या व स्क्रू पितळेचे किंवा गंजरोधी पोलादाचे वापरावेत.

रोगण : जुने लाखेचे पॉलिश पाण्याचा थेंब पडताच पांढरे पडते, म्हणून येथे चालत नाही. जवसाचे पीक विदर्भातलेच असल्याने जवसाचे पक्के तेल पूर्वी दारांना लावीत; त्याने लाकूड सुंदर दिसते, पण दमट जागी त्यावर काळी बुरशी धरते. पॉलियुरेथेन रोगण सर्वांत टिकाऊ ठरते. कोणतेही रोगण घेतले तरी ते दाराच्या बाहेरील, आतील व चारही कडांच्या बाजूस सारखेच लावले पाहिजे. दर्शनी बाजूस तीन हात व आत एकही नाही, अशा दाराची एक बाजू ओल शोषते, दुसरी शोषत नाही, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते पत्रावळीसारखे वाकते.

लाकूड किती लागेल याचा अंदाज पुढीलप्रमाणे करतात. १५० सेंमी. लांब, ५३ सेंमी. खोल व ६० सेंमी. उंच कपाटाच्या चौकटींना ५ × ३ सेंमी. छेदाच्या सु. ३० मी. पट्ट्या लागतात, त्यांचे घनफळ १.६ घनफूट होते. दिलहे, बाजू व कप्पे मिळून २.५ चौ.मी. क्षेत्र १८ मिमी. जाडीच्या चिरलेल्या फळ्यांत धरल्यास तेही १.६ घनफूट होते. रंधण्यातील, गाठींची व रसकाष्ठाची घट तिसरा हिस्सा धरून सु. ५ घनफूट सागवान आणावे लागते. फक्त चौकटी सागाच्या करून दिलहे शिवणीचे केल्यास सागवान निम्म्यावर येते आणि हालचालीच्या दृष्टीने कपाट अधिकच चांगले होते.

निगा : दर वर्षी पावसाळा संपल्यावर कपाट रिकामे करून दोन-तीन दिवस दारे उघडी ठेवावीत, पाणीकोंड्याचे वेढे तपासावेत आणि दगडी फळी व भिंत यांमधील सिलिकोनची भरणी कोठे सुटली आहे का ते पाहावे. सप्टेंबरात दार अडकू लागले म्हणून लगेच रंधा मारू नये. डिसेंबरपर्यंत ते आपोआप मोकळे होते, आणि रंधलेल्या दारात मे महिन्यात बोटभर फट पडते. सर्वांत आधी कुजते ती पात्राखालची तळपट्टी. ती सरसाने न चिकटविता केवळ स्क्रूंनी बसविलेली असेल, तर उरलेल्या कपाटाला हात न लावता अर्ध्या दिवसात बदलता येते.